पटकी, पाणी आणि चिमूटभर मीठ



वसंतातील या व्याख्यानांना येणारा श्रोता मोठ्या विषयांची अपेक्षा धरून येतो. इतिहास, साहित्य, अर्थकारण, विज्ञान अशा पंगतीत 'जुलाब' हा विषय घेऊन उभे राहताना आम्हांला थोडा संकोच वाटतो, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. परंतु ज्या ऋतूत ही व्याख्याने होतात त्याच ऋतूच्या पाठीला लागून हा रोग आपल्या घरात शिरतो. चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात, आंब्याफणसांच्या दिवसांत माश्या वाढतात आणि मृगाचा पहिला पाऊस साऱ्या गावची घाण ओढ्यानाल्यांत नेऊन सोडतो. तेव्हा मे महिन्याच्या सायंकाळी या विषयावर तासभर बोलणे अगदीच अवेळी ठरणार नाही.

आणखी एक कारण आहे. ते खाजगी आहे, तरी सांगतो. साठ वर्षांपूर्वी आम्ही ज्या वाड्यात राहत होतो तेथे पलीकडच्या बिऱ्हाडात दीड-दोन वर्षांचे एक मूल होते. ज्येष्ठात त्याला जुलाब लागले. वाड्यातील जाणत्या बायकांनी सांगितले, "पाणी देऊ नका, वरून घातलेले खालून जाते." डॉक्टर आले, त्यांनीही पोटाला विसावा द्यावयास सांगून औषधाची बाटली दिली. मूल पाण्यासाठी रडत होते. त्याची आई कापसाचा बोळा भिजवून त्याचे ओठ ओले करी. आम्ही लहान होतो. पाण्याचे फुलपात्र हातात घेऊन दाराशी उभे होतो, आणि कोणीतरी ते आमच्या हातातून काढून घेतले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मूल गेले. त्या वाड्यात दुष्ट कोणी नव्हते, आळशीही कोणी नव्हते. सगळे रात्रभर जागत होते. जे करीत होते ते उलटे होते, एवढेच.

पुढे या विषयावरील वाचन करू लागलो तेव्हा आम्हांला कळले की, त्या मुलाला काय हवे होते याचे उत्तर जगाला त्या वेळी निदान सव्वाशे वर्षे ठाऊक होते. मग ते त्या वाड्यापर्यंत का पोचले नाही? आजच्या व्याख्यानाचा विषय खरे पाहता हाच आहे.

मोडशी, मरीआई आणि महामारी

जुलाबाच्या सर्व रोगांत भयंकर म्हणजे पटकी, अर्थात कॉलरा. या रोगाच्या लेखी इतिहासात आपल्या भाषेला मानाचे, पण दुःखाचे, स्थान आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि त्याने हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात या रोगाचे वर्णन आहे आणि त्याचे स्थानिक नावही दिले आहे. ते नाव म्हणजे आपली 'मोडशी'. माणूस मोडून पडतो म्हणून मोडशी. पुढे फ्रेंचांच्या कानांवर हा शब्द पडला तेव्हा त्यांनी आपल्या भाषेत त्याचा 'मोर द शियाँ', म्हणजे कुत्र्याचे मरण, असा अर्थ बसवून घेतला. आज 'मोडशी' म्हणजे लेकरांचे बिघडलेले पोट, इतकाच सौम्य अर्थ आपण घेतो. शब्दाच्या पोटात केवढे मरण दडले आहे हे आपण विसरलो.

ओर्ताने इथल्या वैद्यांचे उपचारही टिपले आहेत. ते रोग्याला मिरे व जिरे घातलेली तांदळाची पेज देत, आणि त्याचे पाय डागीतही. या दोन गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्यात अशी आमची विनंती आहे. पेज पाहून 'आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते' असे म्हणणारे डाग विसरतात, आणि डाग पाहून हसणारे पेज विसरतात. परंपरेत दोन्ही असते. निवड करण्याचे काम प्रत्येक पिढीला स्वतः करावे लागते.

१८१७ च्या ऑगस्टात बंगालमधील जेसोर येथे पटकी भडकली आणि तेथून जगभर पसरली. पेशवाईचा शेवट होत होता तो हाच काळ. लॉर्ड हेस्टिंग्जच्या बुंदेलखंडातील छावणीत त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात या रोगाने हजारो माणसे नेली. फौजा, बाजारबुणगे व व्यापारी यांच्याबरोबर रोग दक्षिणेकडे सरकला आणि १८१८ च्या ऑगस्टात मुंबईस पोचला. पंढरपूरसारख्या यात्रेत तो फैलावे आणि परतणाऱ्या वारकऱ्यांच्या पाठोपाठ गावोगाव जाई.

गावाने यावर काय करावे? गावाजवळ मरीआई होती. तिचा नवस केला जाई, तिचा लहानसा गाडा सजवून वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडला जाई. पुढचे गाव तो आपल्या शिवेवरून त्यापुढच्या गावाकडे लोटी. आज हे ऐकून कोणी हसेल. आम्हांला त्यात रोग शिवेबाहेर घालविण्याची धडपड दिसते, आणि ती अगदी आजची आहे. चूक एवढीच होती की रोग गाड्यातून येत नव्हता. तो पाण्यातून येत होता, आणि पाण्याला शीव नसते.

सांडलेले पाणी

त्या काळच्या इंग्रज डॉक्टरांजवळ गाव हसेल असे काही नव्हते, असे समजू नका. ते रक्त काढीत, पाऱ्याचे कॅलोमेल देत, अफूचा अर्क देत. तहानेने तडफडणाऱ्या रोग्याला पाणी मना करणारे त्यांच्यातही होते.

१८३१ साली पटकी इंग्लंडात संडरलंड येथे उतरली. तेव्हा विल्यम ब्रुक ओशॉग्नेसी या बावीस वर्षांच्या डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासून पाहिले. रक्तातील पाण्याचा आणि क्षारांचा मोठा भाग नाहीसा झालेला आहे, आणि हेच क्षार जुलाबात सापडतात, असे त्याला आढळले. म्हणजे रोगी विषाने मरतो त्याआधी तो सुकून मरतो. जे सांडले ते परत भरावे, हा उपाय त्यातून सरळच निघत होता. हाच ओशॉग्नेसी पुढे कंपनी सरकारच्या चाकरीत कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानात तारायंत्र उभारणारा म्हणून प्रसिद्ध झाला. तारेने निरोप दूर नेणाऱ्या माणसाचा सर्वांत मोलाचा निरोप मात्र वाटेतच अडकून राहिला.

त्याचे लेखन वाचून स्कॉटलंडातील लीथ या बंदरगावच्या टॉमस लाटा या डॉक्टराने १८३२ साली मिठाचे पाणी थेट शिरेत सोडून पाहिले. त्याची पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती. नाडी लागत नव्हती, अंग गार पडले होते. अर्ध्या तासात सुमारे साडेतीन लिटर पाणी शिरेत गेले आणि डोळ्यांत तेज आले, अंगात ऊब आली. बाई वाचली असे समजून लाटा तिला दुसऱ्या डॉक्टरांच्या स्वाधीन करून विश्रांतीला गेला. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, पाणी मात्र पुन्हा दिले गेले नाही, आणि साडेपाच तासांत ती गेली.

या एका घटनेत या उपचाराचे सर्व शास्त्र आहे. पाणी एकदा देऊन भागत नाही. जितके जाते तितके, जोवर जाते तोवर, देत राहावे लागते. लाटा १८३३ साली वारला आणि त्याचा उपाय मागे पडला. तो रुळला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स याने शिरेतून खारे पाणी देण्याची रीत बसविली तेव्हा. मृत्यू बरेच घटले. परंतु बाटली, सुई, निर्जंतुक पाणी आणि डॉक्टर इतके सारे जेथे असेल तेथेच हा उपाय होता. पटकी मात्र जेथे यांपैकी काहीच नसते अशी जागा पाहून येते.

नळाचे पाणी

मधल्या काळात दुसरा एक मोठा शोध लागला. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात सहाशेहून अधिक माणसे पटकीने मेली. डॉ. जॉन स्नो याने घरोघर फिरून मृतांची पाण्याची जागा विचारली आणि बहुतेक बोटे ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच हातपंपाकडे वळलेली त्याला दिसली. त्याच्या आग्रहावरून ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. रॉबर्ट कॉखने रोगाचा जंतू कलकत्त्यात १८८४ साली दाखविला. म्हणजे जंतू दिसण्यापूर्वी तीस वर्षे स्नोने त्याची वाट ओळखली होती.

मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने आले. पुढे तुळशी आणि तानसा हे तलाव झाले. गावोगाव नळ यावयास मात्र फार काळ लागला, आणि नळ आला तरी त्यातून येते ते पाणी शुद्धच असते असेही नाही. फुटलेल्या नळाशेजारी गटार वाहत असेल, तर दिवसातून तासभर येणारे पाणी उरलेल्या वेळात त्या गटारातून काय ओढून घेते हे सांगावयास नको.

आमच्या महाराष्ट्रात या बाबतीत एका माणसाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. गाडगेमहाराज (१८७६–१९५६) गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गल्ल्या झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांनी रोगजंतूंवर व्याख्यान दिले नाही. लोक त्यांचे ऐकत, याचे कारण आधी झाडून झालेले असे. हा मुद्दा आम्ही मुद्दाम मांडून ठेवतो. त्याची गरज पुढे पडणार आहे.

साखरेचा हात

आता पुन्हा रोग्याच्या खाटेजवळ येऊ. तोंडाने पाणी का देऊ नये? मिठाचे पाणी पाजले तर जुलाब थांबत नाहीत, असा अनुभव होता. आतडेच बिघडले आहे, ते काही शोषून घेणार नाही, अशी समजूत होती. ही समजूत चुकीची आहे हे कळण्यास कलकत्त्यातील एका शास्त्रज्ञाची मदत झाली. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखविले की पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतडे पाणी ओतू लागते. आतड्याचे अस्तर सडून जाते ही जुनी कल्पना त्यामुळे मागे पडली. १९६० साली रॉबर्ट क्रेन याने प्राग येथे आतड्याची दुसरी एक खुबी मांडली. ग्लुकोज साखर आतड्यातून शरीरात शिरते ती मिठाचा हात धरून. साखर आणि मीठ एकत्र आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. नुसते मीठ आत जावयास कचरते. पटकीचे विष बाकी उलथापालथ करते, परंतु ही एक वाट ते बंद करू शकत नाही.

याआधीच, १९५३ साली, कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १८६ रोग्यांना मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने देऊन बरे केल्याचे 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रात लिहिले होते. त्यांच्या टिपणात शास्त्रज्ञांना हवे तितके मोजमाप नव्हते, म्हणून फारसे कोणी लक्ष दिले नाही. ते मोजमाप डाक्का येथे डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी पुरविले. १९६८ साली त्यांनी दाखविले की किती गेले ते मोजून तितके पाजत राहिल्यास मोठ्या रोग्यालाही शिरेतून फारच थोडे पाणी द्यावे लागते. लाटाच्या वृद्ध स्त्रीचा धडा अखेर शास्त्राच्या वहीत उतरला.

तरीही बहुतेक तज्ज्ञांचे म्हणणे होते की हे काम शिकलेल्या डॉक्टरांच्या नजरेखाली, इस्पितळातच व्हावे. नातेवाइकांच्या हाती हे सोपविणे धोक्याचे. हा निर्णय कोणा परिषदेने बदलला नाही. तो बदलला एका युद्धाने.

बनगाव

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित भारतात आले. पावसाळा तोंडावर होता आणि सीमेवरील बनगाव येथे पटकी भडकली. डॉ. दिलीप महालनबिस (१९३४–२०२२) हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कलकत्त्यातील संशोधन केंद्रात काम करीत असत. ते तेथे गेले तेव्हा तेथल्या लहानशा रुग्णालयाच्या खोल्यांत रोगी जमिनीवर पडले होते. त्यांना शिरेतून पाणी देण्यासाठी त्या घाणीत गुडघे टेकून बसावे लागे. थोड्याच दिवसांत शिरेतून देण्याचे पाणी संपत आले आणि ते देण्यास शिकलेले हातही पुरेनात.

महालनबिसांनी मग तज्ज्ञांचे मत बाजूला ठेविले. कलकत्त्यास मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या भरण्यात आल्या. एक लिटर पाण्याला साडेतीन ग्रॅम मीठ, बावीस ग्रॅम ग्लुकोज व अडीच ग्रॅम सोडा. हे पाणी पिंपांत कालवून ठेविले आणि रोग्यांच्या आया, बहिणी, भाऊ यांना सांगितले की पेला भरून न्या आणि पाजत राहा. 'सलाइन' या शब्दाला लोकांत मान होता, म्हणून याला 'तोंडाने घेण्याचे सलाइन' असे नाव दिले. नावानेही माणसाला धीर येतो.

दोन महिन्यांत सुमारे सदतीसशे रोगी या रीतीने हाताळले गेले. आधी शेकड्यास तीसच्या आसपास रोगी दगावत होते. ते प्रमाण शेकडा चाराच्या आत आले. महालनबिसांचा हा अहवाल १९७३ साली प्रसिद्ध झाला, आणि १९७८ साली लॅन्सेटने या साध्या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत होऊ शकेल, असे मत दिले. महालनबिसांना आपल्या सरकारने पद्मविभूषण दिले ते २०२३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

बनगावला नवे औषध सापडले नाही, हे ध्यानात घ्या. मीठ जुने, साखर जुनी, पाणी तर त्याहून जुने. तेथे जे नवे घडले ते असे की, रोग्याचा जीव त्याच्या आईच्या हाती सोपविण्याचे धैर्य प्रथमच एका डॉक्टराने केले, आणि आईने तो विश्वास खरा करून दाखविला.

चिमूट आणि मूठ

तरी एक गोष्ट उरली होती. छावणीत आणीबाणी होती. घरी आणीबाणी नसते, सासूबाई असतात. तेथे हा सल्ला कसा पोचावा? याचे उत्तर बांगलादेशाने दिले. फझले हसन आबेद यांनी १९७२ साली स्थापिलेल्या 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत स्त्री-कार्यकर्त्यांकरवी घरोघर जाऊन सुमारे सव्वा कोट कुटुंबांना हे पाणी करावयास शिकविले. खेड्यात तराजू नाही, चमचेही सारखे नाहीत. म्हणून माप हाताचेच ठरविले: तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी.

आरंभी अनुभव निराशेचा आला. बायका पाठ केलेले घडाघडा म्हणत, पण घरात जुलाब लागले की जुनेच करीत. शोध घेतला तेव्हा कळले की शिकविणाऱ्या कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्याही गोळीच घेत. मग आधी कार्यकर्त्यांना डाक्क्यास नेऊन हे पाणी काम कसे करते ते समजावून दिले. घरातील पुरुषांशीही बोलणे सुरू केले, कारण त्यांना वगळले की ते संशय घेत. शिकविताना सांगण्यावर न थांबता घरच्या बाईकडूनच तिच्या चुलीजवळ ते करवून घेऊ लागले. कार्यकर्तीचा पगारही, महिन्याभराने दुसऱ्याने जाऊन पाहिले असता त्या बाईला किती आठवते व करता येते, यावर ठरे.

आता गाडगेमहाराजांचा खराटा आठवावा. सल्ला खरा असला की तो पाळला जातो, ही आम्हां बोलणाऱ्या मंडळींची समजूत आहे. इतिहास वेगळे सांगतो. जो सांगतो त्याने ते आधी स्वतः केलेले असावे लागते आणि ऐकणाऱ्याने ते एकदा तरी स्वतःच्या हातांनी करून पाहिलेले असावे लागते. सव्वाशे वर्षे जे ज्ञान आमच्या वाड्यापर्यंत आले नाही, ते यासाठी. त्याला पुस्तकातून हातात उतरण्याची वाट मिळाली नव्हती.

आपल्या घरी

म्हणून आता थोडे आपल्या घरचे बोलू. इतिहास सांगून उपदेश टाळला तर अर्धेच काम झाले असे होईल.

औषधाच्या दुकानात ओ. आर. एस.ची पुडी मिळते, तीच उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेने तिचे प्रमाण २००२ साली सुधारून क्षार व साखर थोडी कमी केली आहे. पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितक्याच पाण्यात ती सबंध कालवावी; अर्धी-अर्धी करू नये. मात्र गोड पेयांवर 'ओ. आर. एस.' हे नाव छापून विकण्याचा प्रकार बरीच वर्षे चालला होता. त्यात साखर फार असते आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हे नाव पेयांवर वापरण्यास मनाई केली. तरी घेणाऱ्याने वेष्टण वाचावे हे बरे.

पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. आधी स्वतः चव पाहावी. डोळ्यांतील पाण्याहून खारट लागल्यास ते ओतून टाकून पुन्हा करावे, कारण जास्त मीठ लेकराला घातक आहे. केलेले पाणी चोवीस तासांनंतर ठेवू नये. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, मोठ्या मुलास अर्धा ते एक पेला, चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. या पाण्याने जुलाब लगेच थांबत नाहीत. ते रोग्याला सुकू देत नाही, आणि रोग बहुधा आपल्या आप ओसरतो. हे न समजल्यामुळेच पुष्कळ आया दुसऱ्या दिवशी पाणी बंद करतात.

अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध तोडू नये. मोठ्या मुलास मऊ भात, खिचडी, केळे, ताक, डाळीचे पाणी द्यावे. लंघन हे परम औषध मानणाऱ्या आपल्या घरांत हे पटणे जड जाते, पण उपाशी लेकराचे आतडे लवकर भरून येत नाही. ओर्ताने पाहिलेल्या त्या पेजेचेही येथे पुनरागमन झाले आहे. तांदळाच्या पिठाचे खारे पाणी पटकीत चांगला गुण देते असे डाक्का व कलकत्ता येथील प्रयोगांत दिसून आले. मुलास डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा ते चौदा दिवस जस्ताची गोळी द्यावी. तिने जुलाब लवकर आटोक्यात येतात. जंतुनाशक औषधे मात्र मनाने घेऊ नयेत.

आणि पुढील खुणा दिसल्या तर घरच्या उपायावर विसंबून न राहता तत्काळ दवाखाना गाठावा: शौचात रक्त, मूल सुस्त पडणे किंवा पाणी पिण्यास असमर्थ होणे, डोळे खोल जाणे, सहा-आठ तास लघवी न होणे, उलट्या न थांबणे, पेजेसारखे पाण्याचे जुलाब सारखे होणे, किंवा रोगी सहा महिन्यांच्या आतले मूल असणे. वाटेतही पाजणे चालूच ठेवावे.

रोग येऊच नये यासाठी नियम लहान आहेत. शौचाहून आल्यावर आणि जेवणापूर्वी, तसेच मुलाला भरविण्यापूर्वी, साबणाने हात धुवावेत. पावसाळ्यात पाणी खळखळून उकळावे. पाणी झाकून ठेवावे आणि त्यात हात अथवा पेला न बुडविता लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. ते ओगराळे आपल्या आजीच्या घरी होते. आपल्या घरातून ते कधी गेले याचा विचार करावा.

श्रोतेहो, आता एकच विनंती करून थांबतो. आज घरी गेल्यावर हे व्याख्यान कोणाला सांगू नका. तांब्याभर पाणी, मीठ आणि साखर घ्या आणि घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाकडून किंवा मुलीकडून हे पाणी करवून घ्या. चव तिलाच घेऊ द्या. आम्ही लहानपणी फुलपात्र हातात घेऊन दाराशी उभे होतो, तेव्हा आमच्या हातात जे होते ते जवळजवळ बरोबर होते. त्यात चिमूटभर मीठ आणि थोडी साखर कमी होती, आणि ते आत नेऊ देणारे कोणी नव्हते. पुढे कधी एखाद्या घरात रात्री मूल पाण्यासाठी रडू लागेल, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या मुलाच्या हातातील फुलपात्र कोणी काढून घेऊ नये, इतके झाले तरी आजची सायंकाळ वाया गेली नाही असे आम्ही समजू.